रमाबाई रानडे आणि बाईचे मत

आपल्या सोलापुरात दिवेलागणीनंतर साक्षरतेचे वर्ग भरतात. विड्या वळून, चूल-भांडी आटोपून बायका येतात. अशाच एका वर्गात एक आक्का पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाई, मत द्यायला अंगठा चालतो. मग या वयात नाव कशाला गिरवायचं? आणि मत कुणाला द्यायचं, ते घरातली माणसं सांगतातच की!"

आक्कांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. अंगठा चालतो. पण बाईला हे मत मिळाले कसे, ते आधी ऐका. मग तुम्हीच ठरवा.

गोष्ट १८७३ सालची. कुर्लेकरांच्या घरची यमुना ११ वर्षांची होती. घर मानाचे, पण मुलींना शिकवायची रीत नव्हती. मुलगी शिकली तर ती विधवा होते, असा तेव्हा समज होता. यमुनेचे लग्न न्यायाधीश महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. ते ३१ वर्षांचे. त्यांची पहिली बायको वारली होती. विधवांचे लग्न व्हावे, असे ते सांगत असत. पण वडिलांच्या हट्टापुढे ते वाकले आणि लहान मुलीशी लग्न केले. लोकांनी नावे ठेवली.

सासरी यमुनेची रमा झाली. लग्न झाले तेव्हा तिला एक अक्षर येत नव्हते. रानड्यांनी लगेच पाटी आणली आणि शिकवायला सुरुवात केली. दिवसा घरकाम, रात्री धडा. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायका टोमणे मारत. "शिकून काय कचेरीत जाणार आहेस?" असले बोलणे कुणाला चुकले आहे? रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही. पण पाटीही सोडली नाही.

१८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९०१ साली ते वारले. रमाबाई चाळिशीच्या आतच विधवा झाल्या. घरात बसून देवधर्म केला असता, तरी कुणी बोल लावला नसता. पण त्यांनी गरजू आणि विधवा बायकांसाठी काम हाती घेतले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे बायका शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या, शिवण शिकल्या, आपल्या पायावर उभ्या राहिल्या. पुढे सेवासदनाचे काम आपल्या सोलापुरातही आले.

१९२० च्या सुमारास पुण्यात वाद पेटला. मुलांना शिक्षण सक्तीचे करायचे, मुलींचे नंतर पाहू, असे काहींचे म्हणणे होते. रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर आल्या. मुलगा आणि मुलगी दोघांनाही शाळा हवी, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

त्याच वेळी मताचाही प्रश्न आला होता. तेव्हा राज्य इंग्रजांचे. पण खुद्द इंग्लंडमध्येही १९१८ पर्यंत बायकांना मत नव्हते. तिथे बायकांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगला. पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांची नात सोफिया दुलीपसिंग तिकडेच राहत होती. मत नाही तर कर नाही, असे म्हणून तिने कर भरला नाही. सरकारने तिचा दागिना जप्त केला. १९१८ साली इंग्लंडमध्ये ३० वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळाले.

१९१९ साली हिंदुस्थानासाठी नवा कायदा झाला. पण बायकांना मत द्यायचे की नाही, हे त्यात इलाख्याइलाख्यांच्या कायदेमंडळांवर सोडले. मुंबई इलाख्यात रमाबाई पुढे झाल्या. सभा झाल्या, मागणी झाली. बाईने घर सांभाळावे, राजकारण तिला काय कळते, असे विरोधक म्हणत. बाईही कर भरते, कायदा तिलाही लागू होतो, मग कायदा करणारा निवडताना तिला का विचारू नये? या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने बायकांना मत दिले. तीन वर्षांनी, १९२४ साली, रमाबाई वारल्या.

पण थांबा. हे मत सगळ्यांना मिळाले नव्हते. ज्याच्या नावावर पुरेशी जमीन किंवा घर, किंवा जो आयकर भरतो, त्यालाच मत होते. बाईच्या नावावर असे काय असणार? सोलापूरच्या गिरणीत राबणारी बाई तर बाहेरच राहिली. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लिहिता-वाचता येणाऱ्या बाईलाही मत दिले. अक्षर हीच तिची जमीन झाली! मात्र निरक्षर गरीब बाई तरीही बाहेरच.

१९५० साली आपली राज्यघटना लागू झाली. तिने सगळ्या अटी काढल्या. वयात आलेल्या प्रत्येकाला एक मत. न्यायमूर्तीच्या बायकोला एक, विडी वळणारीलाही एकच.

आता नावाची गोष्ट. १९५१-५२ साली पहिली मोठी निवडणूक झाली. तेव्हा यादी करणारे दारात आले. देशात कितीतरी बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. नावाशिवाय मत कसे देणार? सुमारे २८ लाख बायकांची नोंद यादीतून काढावी लागली. हक्क दारात आला होता, पण नावाअभावी परत गेला.

आक्का, अंगठा आजही चालतो. अंगठ्याच्या मताची किंमत सहीच्या मतापेक्षा कमी नाही. पण यादीत आपले नाव बरोबर आहे का, यंत्रावर कुणाचे नाव कुठे आहे, हे आपल्याच डोळ्यांनी वाचता आले, तर कुणाला विचारावे लागत नाही. आणि आत, पडद्यामागे, घरातले कुणी बरोबर येत नाही. तिथे आपण एकट्या आणि आपले मत.

तेवढे ऐकून आक्कांनी पाटी पुन्हा मांडीवर घेतली.

प्रश्न
१. रमाबाईंचे माहेरचे नाव काय होते?
२. १९२१ साली कोणत्या बायकांना मत मिळाले नाही? का?
३. मतदार यादीत आपले नाव शोधा. ते पाटीवर लिहा.