जुन्या लाकडी सामानाला ‘झिजका’ रंग



गळीत हंगाम आटोपला की घराच्या रंगरंगोटीला सवड मिळते. जुने कपाट, फडताळ, पेटी यांना दोन छटा मिसळून, कडा झिजल्यासारखा रंग देण्याची आवड अलीकडे वाढली आहे. काम घरच्या घरी जमते. पण एक धोका आधी ध्यानात घ्या.

जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम लागू झाला. त्याआधीचा रंग शिशाचा समजूनच चालावे. तो कोरडा घासला की बारीक धूळ उडते. ती लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईलाही ती घातक आहे.

म्हणून अशा वस्तूला मशीन लावू नका, रंग जाळून काढू नका. वॉटरपेपर ओला करून फक्त चकाकी जाईल इतकेच घासा. खाली प्लॅस्टिक अंथरा, मुले लांब ठेवा. नुसता रुमाल बांधून भागत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. खरवड उकिरड्यात टाकू नका; ती शेणखताबरोबर रानात जाते आणि शिसे जमिनीतच राहते.

आता रंगाची रीत. बेणेप्रक्रिया चुकवून लागण केली तर पुढे पस्तावतो, तसेच अस्तराचे आहे.

१) सामान धुऊन पूर्ण वाळवा. भोके लांबीने भरा. मग अस्तराचा हात द्या.
२) पाण्यात मिसळणारा गडद रंग द्या व वाळू द्या.
३) कडा, कोपरे, मुठीजवळ मेणबत्ती घासा. हात लागून लाकूड झिजते तेथेच घासावी, सगळीकडे नव्हे.
४) वरून दोन फिक्या छटा शेजारी शेजारी लावा. ओल्या असतानाच सांध्यावरून किंचित ओला ब्रश फिरवा. छटा एकमेकींत मिसळतात.
५) रात्रभर वाळल्यावर मेणाच्या जागा बारीक पॉलिशपेपरने हलके घासा. खालचा गडद रंग दिसला की थांबा.
६) पुसून मेणाचे पॉलिश करा. मेणावर व्हार्निश नीट धरत नाही.

जुना रंग शिशाचा असण्याची शंका असेल तर पायरी ३ व ५ गाळा. गडद रंगाऐवजी फिका रंग खाली द्या, आणि शेवटी ब्रशला थोडा गडद रंग घेऊन तो फडक्याला जवळजवळ पुसून कडांवरून ओढा. न घासता झिजल्यासारखे दिसते.

पाळण्याला मात्र असा रंग देऊच नये. पोर कठडा चावते. जुना रंगवलेला पाळणा असेल तर तो वापरातून काढावा, ही सर्वांना विनंती.

— ऊस विकास अधिकारी