बाळंतपणाची पिशवी

प्रश्न : लेक बाळंतपणाला नांदगावला आली आहे. रुग्णालयाची पिशवी कधी, कशी भरावी?

उत्तर : छत्तिसावा आठवडा लागण्याआधी. कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पण गुंतागुंत झाल्यास ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागू शकतं.

सर्वांत वर फाईल हवी : माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट, आधार, पासबुक. मग पुढून उघडणारे गाऊन, पॅड, चपला. बाळाला धुतलेली सुती झबली, लंगोट, टोपडी, दुपटी. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्यामुळे दुपटी जास्तच घ्यावीत आणि सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळावं.

मध, गुटी, दुधाची बाटली घरीच ठेवावी. बाळाला पहिल्या तासात आईचंच दूध.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधं, जेवण मोफत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ लावावा.