लस पुण्याची, मग आम्हाला का नाही?

‘डॉक्टर, मलेरियाची लस पुण्यात तयार होते म्हणे. मग आमच्या मुलांना का देत नाहीत?’ पावसाळा लागला की मुंबईतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो.

बातमी खरी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली ‘आर-21’ लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिच्याआधीच्या ‘आरटीएस,एस’ लसीचं काम 1987 मध्ये सुरू झालं होतं. शिफारस मिळायला 2021 उजाडलं. कोविडची लस वर्षभरात आली, मग इथेच घोडं का अडलं?

अडलं ते जंतूपाशी. हा विषाणू नव्हे, पाच हजारांवर जनुकं बाळगणारा परजीवी आहे, आणि बहुरूप्यासारखा सोंगं बदलतो. डास चावताना एक, यकृतात दुसरं, तांबड्या पेशीत तिसरं. आजच्या दोन्ही लसी पहिलं सोंग ओळखतात. पण ते रक्तात असतं जेमतेम तासभर, कधी त्याहून कमी. तेवढ्यात एखादा जंतू निसटला तरी यकृतात त्याचे हजारो होतात. त्यामुळे प्रतिपिंडं कायम भरपूर हवीत, आणि ती तर हळूहळू ओसरतात. तीन डोस देऊन पुढे चौथा द्यावा लागतो तो यासाठीच. गोवर एकदा झाला की सुटलो, तसं मलेरियाचं नाही. शरीरालाच जे नीट साधत नाही, ते लसीने शिकवायचं आहे.

आता तुमच्या मुलांचं. या लसी मलेरियाच्या फॅल्सिपेरम जातीवर आहेत, आणि सध्या त्या दिल्या जातात आफ्रिकेतल्या तान्ह्या मुलांना, कारण मलेरियाचे बहुतेक बळी तिथेच जातात. मुंबईत आम्हाला जास्त भेटतो तो दुसऱ्या जातीचा, व्हायव्हॅक्स. तो यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याच्यावर वापरात आलेली लस अजून नाही. आहे ती या झोपलेल्या जंतूवरची प्रायमाक्विनची गोळी, नेहमीच्या पद्धतीने चौदा दिवस. ताप चौथ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात! दिवाळीत तोच माणूस कुडकुडत येतो आणि डासांना शिव्या घालतो.

ही गोळी शेजाऱ्याच्या पाकिटातून मात्र घेऊ नका. आधी रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी करून घ्या. गरोदर बाईला ही गोळी देत नाहीत. थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.