सीमाभागातील मनुष्यबळाचे नियोजन : शेजारधर्माची गरज

विकाराबादहून निघालेला लोहमार्ग जहिराबाद, बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर अशी गावे घेत परळीकडे जातो. आज या एका मार्गावर तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्र ही तीन राज्ये लागतात. पूर्वी हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या वेळी बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, तसेच गुलबर्गा जिल्ह्यातील तांडूर व कोडंगल हे तालुके आंध्र प्रदेशाकडे गेले. दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक उरलेला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजेच आजच्या कर्नाटकात आला. कारभाराच्या सीमा बदलल्या. सोयरिकी, बाजार आणि रोजगाराच्या वाटा मात्र जुन्याच राहिल्या.

मनुष्यबळ नियोजनाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

नियोजन म्हणजे काय?

कोणत्या उद्योगाला कोणत्या कसबाची माणसे लागतील, ती किती व केव्हा लागतील, याचा अंदाज बांधणे. त्यानुसार प्रशिक्षणाची सोय करणे. आणि शिकलेल्या उमेदवाराला कामापर्यंत पोहोचविणे, अशी या कार्याची तीन अंगे आहेत. यांपैकी एक जरी दुबळे राहिले तरी उरलेल्या दोहोंवरील खर्च वाया जातो. दोन शेजारी जिल्ह्यांनी एकमेकांस न विचारता एकाच व्यवसायाचे वर्ग काढले, तर त्या व्यवसायात उमेदवार अधिक आणि जागा थोड्या अशी स्थिती होते. त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या कसबाचा कारागीर दोन्ही जिल्ह्यांत मिळत नाही.

जिल्ह्याच्या वेशीपलीकडे

बीदर शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, तेलंगणातील जहिराबाद येथे ट्रॅक्टरचा कारखाना आहे. लातूर येथे रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभारण्यात आला असून त्याची पायाभरणी २०१८ साली झाली. कलबुर्गी जिल्ह्यात चुनखडीच्या साठ्यांमुळे वाडी, सेडम या भागांत सिमेंटचा उद्योग वाढला, तर तुरीच्या पिकामुळे डाळीच्या गिरण्या उभ्या राहिल्या. बीदर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, आणि जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचे जडावकाम करणारी बिदरी कलाही आहे. २०१७ साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्याने दोन्ही जिल्हे अधिक जवळ आले.

औराद तालुक्यातील तरुणाला वेल्डर, फिटर वा वीजतंत्री व्हावयाचे असेल, तर त्याच्या कामाचे ठिकाण या चारही दिशांना असू शकते. केवळ जिल्ह्यापुरता आखलेला आराखडा यातील निम्म्याहून अधिक वाटा पाहूच शकत नाही. मग कसब हाती नसलेला तरुण हैदराबाद, पुणे किंवा मुंबईची वाट धरतो आणि तेथे अकुशल मजूर म्हणूनच राबतो. गावाने वाढविलेला माणूस गावाला मुकतो आणि त्याच्या श्रमाचे पुरते मोलही त्याला मिळत नाही.

कायद्याचा आधार

डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली कर्नाटकातील ३९ तालुके अतिमागास ठरविले. त्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातील होते. पुढे ९८ व्या घटनादुरुस्तीने संविधानात ३७१ (जे) हा अनुच्छेद आला. या प्रदेशासाठी स्वतंत्र विकास मंडळ आणि स्थानिकांना शिक्षणात व शासकीय नोकरीत राखीव जागा यांची तरतूद त्याने झाली. मंडळाचे कार्यालय कलबुर्गी येथे आहे. बीदर व कलबुर्गी यांचा संयुक्त आराखडा करण्यास ते स्वाभाविक स्थान होय.

राज्याच्या सीमेपलीकडील सहकार्यासही मार्ग आहे. कर्नाटक व तेलंगण दक्षिण विभागीय परिषदेत, तर महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे. परंतु १९५६ च्या कायद्यानुसार दोन परिषदांना संयुक्त बैठक घेता येते. औद्योगिक प्रशिक्षणाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर मान्य असते आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदाही केंद्राचा आहे. म्हणजे कागदावर भिंत नाही. उणीव आहे ती माहितीची आणि परस्पर संपर्काची.

भाषेचा प्रश्न

भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथून आलेला विद्यार्थी कार्यशाळेत कन्नड वा इंग्रजी संज्ञांपुढे अडखळतो. हात चालतो, पण सूचना उमजत नाही. हत्यारांची, मापांची आणि सुरक्षा-सूचनांची द्विभाषिक शब्दावली व प्रवेशानंतरचे थोडे भाषावर्ग यांनी ही अडचण पुष्कळ हलकी होईल. या कामी शिक्षकांइतके समर्थ दुसरे कोणी नाही.

गावाने काय करावे?

प्रत्येक ग्रामपंचायतीने शाळा सोडलेल्या मुलामुलींची व बाहेरगावी कामास गेलेल्यांची नोंदवही ठेवावी. कोण काय शिकला आहे आणि कोणास काय शिकावयाचे आहे, हे तीत लिहावे. तालुक्याने या नोंदी एकत्र कराव्यात. दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी कारखान्यांची मागणी त्यांच्याशी ताडून पाहावी, वर्गांची वाटणी परस्परसंमतीने करावी आणि दूरच्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, वसतिगृहाची सोय पाहावी. वसतिगृहावाचून शेजारच्या जिल्ह्यातील जागा मुलीच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते.

बांध शेताला असतो, पाण्याला नसतो. कामाच्या शोधात निघालेल्या माणसाचेही तसेच आहे. त्याच्या वाटेवरील गावांनी व कार्यालयांनी एकमेकांशी बोलावयास लागणे, हीच या नियोजनाची पहिली पायरी होय.