बिळातला बेडूक

मुलांनो, पाठाचे नाव वाचून दचकलात ना? हे एका इंग्रजी पदार्थाचे नाव आहे. इंग्लंडमध्ये त्याला 'टोड इन द होल' म्हणतात. यात बेडूक मुळीच नसतो! फुगलेल्या पिठातून मांसाचे तुकडे डोके वर काढतात. ते बिळातून डोकावणाऱ्या बेडकांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

पूर्वी इंग्लंडमधील कामगारांना मांस महाग पडे. घरात खाणारी तोंडे अनेक. मग थोड्या मांसात पोट कसे भरावे? फ्रँकाटेली हे काही काळ व्हिक्टोरिया राणीचे मुख्य आचारी होते. त्यांनी गरीब कामगारांसाठी पाककृतींचे पुस्तक लिहिले. हा पदार्थ करण्यासाठी रात्री बाजार उठताना मांसाचे उरलेले तुकडे घ्या, ते स्वस्त मिळतात, असे त्यांनी सुचवले. राणीच्या आचाऱ्याने गरिबाच्या चुलीचाही विचार केला!

आता या पदार्थात सॉसेज घालतात. मसालेदार खिमा नळीसारख्या आवरणात भरला की सॉसेज तयार होते. ते बहुधा डुकराच्या मांसाचे असते. पण ब्रिटनमधील अनेक मुस्लिम कुटुंबे कोंबडीचे किंवा मेंढीचे हलाल सॉसेज वापरतात.

चार माणसांसाठी आठ सॉसेज, १२५ ग्रॅम मैदा, ३ अंडी, २५० मिलिलिटर दूध आणि चिमूटभर मीठ घ्या. मैदा, अंडी, दूध व मीठ एकत्र घुसळा. हे पातळ पीठ अर्धा तास ठेवा. सॉसेज तेलासह पसरट भांड्यात घालून २२० अंश सेल्सियस तापलेल्या ओव्हनमध्ये तांबूस होऊ द्या. तेल कडकडीत तापले, की मोठ्यांच्या मदतीने त्यावर पीठ ओता. अर्धा तास ओव्हनचे दार उघडू नका.

यात सोडा घालत नाहीत, तरी पीठ फुगते. कसे? पिठातील पाण्याची वाफ होते. ती पीठ वर उचलते. उष्णतेने अंडी घट्ट होतात आणि फुगलेला आकार टिकतो. दार लवकर उघडले, तर गार हवेने पीठ खाली बसते.

आपल्याकडे म्हणतात, 'कोंड्याचा मांडा करावा.' जवळ थोडे असले, तरी कल्पकतेने सर्वांना पुरवता येते.

शब्दार्थ : दचकणे – एकदम घाबरणे, आचारी – स्वयंपाक करणारा, कोंडा – धान्याचा भुसा, मांडा – एक गोड पक्वान्न.

स्वाध्याय
१. ओव्हनचे दार लवकर का उघडू नये?
२. उर्दूतही वापरले जाणारे चार शब्द पाठातून शोधा.
३. तुमच्या घरी थोड्या साहित्यात होणाऱ्या एका पदार्थाची कृती लिहा.