अंतराळयानाच्या प्रतिकृतीवरील डाग

संगणकावर अंतराळयानाची प्रतिकृती घडविताना तिचा पृष्ठभाग निर्मळ ठेवावा की मळका, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे येतो. प्रत्येक डागास कारण असावे, हाच यावरील नियम आम्हांस योग्य वाटतो. वडनेरच्या वाटेवरील बैलगाडीचे चाक पाहा : लोखंडी धाव घासून चकाकते, आऱ्यांवर मात्र काळी माती वाळलेली असते. अवकाशात माती नाही आणि पाऊसही नाही. म्हणून तेथील यानावर गंजाचे ओघळ रंगविणे चूक होय. तेथे प्रखर उन्हाने रंग विटतो व सूक्ष्म कणांच्या आघातांनी खळगे पडतात. 1993 साली परत आणलेल्या हबल दुर्बिणीच्या सौरपंखावर असे खळगे आढळले. वातावरणात वेगाने शिरताना मात्र प्रचंड उष्णता उत्पन्न होते. 1969 साली चंद्राहून परतलेल्या अपोलो 11 च्या कोठीचा तळ तिनेच करपला. 2 एप्रिल 2022 च्या रात्री आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी येथे जे धातूचे मोठे कडे पडले, तेही अशा दाहातून उरलेला अग्निबाणाचा अवशेष मानले गेले. तेव्हा विद्यार्थ्यांनी आधी यानाचा प्रवास निश्चित करावा, मगच रंग हाती घ्यावा. उड्डाणापूर्वीचे यान स्वच्छच शोभेल. परतलेल्या यानावर काजळी हवी.