बायपासनंतर व्हिटॅमिन: आधी रिपोर्ट, मग गोळी

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन पेशंट घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एखादं टॉनिक सुचवून जातो. लगेच काही आणू नका. डिस्चार्ज कार्ड आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे-चूर्णांसकट, एका पिशवीत भरा आणि पहिल्या फॉलोअपला डॉक्टरांपुढे ठेवा.

तेव्हाच हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि डी यांच्या तपासण्या कधी करायच्या ते विचारा. शस्त्रक्रियेत रक्त जातं, म्हणून थकव्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. पेशंट शाकाहारी असेल किंवा मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका; लिंबूपाण्याबरोबर चालेल. लोहाने शौच काळसर होते, त्याला घाबरू नका. पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. तडक हॉस्पिटल गाठा.

डीची ६०,००० युनिटची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली जाते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, किडनीवर ताण येतो. कॅलेंडरवर वार ठरवून खूण करा.

सर्वांत जास्त जपायचं ते कृत्रिम झडप बसवलेल्यांनी. रक्त पातळ ठेवायला त्यांना वॉरफरिन किंवा ऍसिनोकुमारॉल असतं आणि व्हिटॅमिन के नेमकं त्याच्या विरुद्ध काम करतं. म्हणून काही घरांत पालेभाजी कायमची बंद होते, त्याची गरज नाही. एक आठवडा रोज पालक-मेथी आणि पुढच्या आठवड्यात पानही नाही, असं मात्र नको. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर वरखाली होतो. मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर के आहे का ते वाचा. ई व्हिटॅमिन आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल जास्त मात्रेत रक्तस्राव वाढवू शकतात, हे ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी काहींचे केस गळू लागतात. शरीरावर पडलेल्या ताणामुळे हे होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात. त्यासाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू केल्याच असतील, तर छातीत दुखून हॉस्पिटलला जावं लागल्यावर तिथे पोचताच ते सांगा. काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे हार्ट अटॅक ओळखण्यासाठी रक्तात तपासलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं आणि अटॅक निसटू शकतो.